चळतीतून जाळ्यात

प्रस्तावना

मॅट पेंटर पीएसडी पाठवतो, कॉम्पोझिटर ती रीड नोडमध्ये उघडतो, आणि समोर येतं ते पेंटरने रंगवलेलं चित्र नसतं. धुकं जरा जास्तच उजळलेलं असतं, झाडांच्या कडेला पांढरट किनार धरलेली असते, किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी सावली पडायची तिथे सगळी फ्रेमच काळी झालेली असते. फाईल खराब नसते आणि सॉफ्टवेअरही बिघडलेलं नसतं. मग फोन जातो, पेंटर म्हणतो, ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’ तो खरंच सांगत असतो.

या पुस्तिकेचा विषय हा गोंधळ आहे. लेयर असलेली फाईल नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं ही मेनूतली एक आज्ञा आहे असं समजून बहुतेक वर्गांत पाच मिनिटांत उरकलं जातं. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत कॉम्पच्या टेबलावर बसणाऱ्या मुलामुलींना मात्र ही पाच मिनिटं पुढे रात्रीच्या रात्री पुरतात. माझं म्हणणं सरळ आहे: पीएसडीत चित्र कमी आणि चित्र कसं करायचं याच्या सूचना जास्त असतात. त्या सूचना फोटोशॉप पाळतं. दुसऱ्या कोणी त्या पाळाव्यात अशी अपेक्षा करण्याआधी त्यांतली कोणती सूचना आपल्याला हवी आणि कोणत्या सूचनेचा तयार निकालच हवा, हे माणसाने ठरवायचं असतं. आयातीचं खरं काम ते आहे.

फोटोशॉप आणि नोडचं न्यूक ही दोन्ही अवजारं एकाच काळातली आणि एकाच धंद्याच्या आसपास वाढलेली. फोटोशॉप लिहिणाऱ्या नोल बंधूंपैकी थॉमस मिशिगन विद्यापीठात संशोधन करत होता आणि जॉन इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये नोकरीला होता. १९८९ च्या ‘द अबिस’मधल्या पाण्याच्या सोंडेच्या कामात हे सॉफ्टवेअर बाजारात येण्याआधीच वापरलं गेलं. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली. तिच्यात लेयर नव्हते. ते आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर चित्रावर चित्र ठेवलं की ते चिकटलंच. पुन्हा हलवायची सोय नाही. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या डिजिटल डोमेनमध्ये न्यूक लिहायला सुरुवात झाली. ते घरातल्या घरात वापरायचं अवजार होतं, २००७ मध्ये लंडनच्या फाउंड्रीने ते हाती घेतलं आणि आज चित्रपटांच्या कॉम्पमध्ये त्याचाच बोलबाला आहे. म्हणजे ‘अनेक चित्रांतून एक चित्र कसं करायचं’ या प्रश्नाला एकाच पिढीने दोन उत्तरं दिली. एकाने चळत मांडली, दुसऱ्याने जाळं विणलं.

चळत म्हणजे पाटावर एकावर एक रचलेल्या भाकऱ्या. वरची कोणती, खालची कोणती हे जागेवरूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. फोटोशॉपच्या लेयर पॅनेलमध्ये हा क्रमच सगळं बोलतो. नोडमध्ये क्रम असा नसतोच. आकाशाचा नोड कॅनव्हासवर कुठेही ठेवा, डावीकडे, खाली, टोकाला. तो कोणाच्या मागे आहे हे त्याच्यातून निघालेली तार कोणत्या मर्जच्या, म्हणजे चित्रं एकत्र करणाऱ्या नोडच्या, कोणत्या टोकाला जाते त्यावर ठरतं. त्या बदल्यात जे मिळतं ते मोठं आहे. एकच आकाश पार्श्वभूमीला जाऊ शकतं, उलटं करून तळ्यातल्या प्रतिबिंबाला जाऊ शकतं, आणि पुसट करून पात्रांच्या कडांवर पडणाऱ्या उजेडासाठीही वापरता येतं. आकाश बदललं की तिन्ही ठिकाणी बदलतं. चळतीत हे करायचं तर तीन प्रती ठेवाव्या लागतात, आणि चौथ्या दिवशी त्यांतली एक जुनी निघते.

दोघांच्या खाली गणित मात्र एकच आहे. अल्फा चॅनेलची, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणाऱ्या चॅनेलची, कल्पना १९७७ मध्ये न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि आल्वी रे स्मिथ यांनी मांडली. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी सिग्राफ परिषदेच्या निबंधात ‘ओव्हर’सह चित्रं एकमेकांवर ठेवण्याच्या क्रियांची बीजगणितासारखी मांडणी केली. त्यांचं ओव्हरचं सूत्र इतकं लहान आहे की ते पाठ असलंच पाहिजे: वरच्या चित्राचा रंग, अधिक खालच्या चित्राचा रंग गुणिले (१ वजा वरच्याचा अल्फा). यातली अट अशी की वरच्या चित्राचा रंग आधीच त्याच्या अल्फाने गुणलेला हवा. यालाच आपण प्रीमल्ट म्हणतो. फोटोशॉप लेयर साठवतं ते न गुणलेल्या रंगात. झाडांची पांढरट किनार इथून येते.

आकड्यांत पाहू. पानाच्या कडेचा एक पिक्सेल घ्या: रंगाची किंमत ०.३, अल्फा ०.२. मागे आकाश ०.८. रंग गुणून घेतला तर ०.०६ अधिक ०.८ चे ८० टक्के म्हणजे ०.६४, एकूण ०.७०. आकाशापेक्षा किंचित गडद. पानाची कड अशीच दिसायला हवी. न गुणता तसाच मर्जला दिला तर ०.३ अधिक ०.६४, म्हणजे ०.९४. पान आकाशापेक्षा गडद आहे आणि तरी त्याची कड आकाशापेक्षाही उजळ. उलट चूकही होते: रीडनेच रंग गुणून दिलेला असताना आपण सवयीने आणखी एक प्रीमल्ट नोड लावला, तर तोच पिक्सेल ०.६५ वर येतो आणि पानांना काजळी धरल्यासारखी काळी रेघ दिसू लागते. पांढरी किनार म्हणजे गुणायचं राहिलं, काळी किनार म्हणजे दोनदा गुणलं. एवढं ओळखता आलं तरी अर्धे फोन वाचतील. आणखी एक खोच आहे. अल्फा शून्य असलेल्या जागीही फोटोशॉपच्या लेयरमध्ये रंग पडलेला असू शकतो. तो पेंटरला कधीच दिसत नाही. कॉम्पमध्ये अल्फा न बघता नुसता रंग पाहिला की अचानक पांढरे ठोकळे, ब्रशचे जुने फराटे दिसतात. घाबरायचं कारण नाही, गुणल्यावर ते जातात.

आता फाईलच्या आत डोकावू. पीएसडीच्या सुरुवातीला मथळा, मग रंगाची माहिती, मग इतर साधनसामग्री, मग लेयर आणि मास्क, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण चित्राची एक सपाट प्रत. प्रत्येक लेयरला स्वतःचा चौकोन असतो, वर-डावीकडे-खाली-उजवीकडे अशा चार आकड्यांत. लेयर जेवढा रंगवला तेवढाच चौकोन; कॅनव्हासएवढा असेलच असं नाही, आणि कॅनव्हासबाहेरही जाऊ शकतो. लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता आणि असला तर मास्क, हे चॅनेल वेगवेगळे साठवलेले असतात. त्यासोबत ब्लेंड मोडचं नाव, अपारदर्शकतेचा आकडा, आणि ‘हा खालच्या लेयरला क्लिप केलेला आहे का’ याची एक खूण.

इथेच चित्र आणि सूचना वेगळे होतात. साध्या रंगवलेल्या लेयरचे पिक्सेल फाईलमध्ये असतात, त्यामुळे ते कुठेही उघडतात. कर्व्ह्ज किंवा लेव्हल्सच्या ॲडजस्टमेंट लेयरला पिक्सेलच नसतात. असते ती फक्त वक्ररेषेची माहिती. ती वाचून तसाच वक्र लावणारा नोड बनवायचा की लेयर गाळायचा, हे आयात करणाऱ्या सॉफ्टवेअरवर असतं, आणि बहुतेक वेळा ते गाळतं. लेयर स्टाइलमधली सावली किंवा चमकही पिक्सेलमध्ये नसते, फोटोशॉप ती दर वेळी नव्याने काढतं. क्लिप केलेल्या लेयरचे पिक्सेल मात्र न कापता पूर्ण साठवलेले असतात. ती छोटी खूण पाळली नाही तर बुरुजावर टाकलेलं शेवाळ बुरुजाबाहेर हवेत सांडतं. अक्षरांच्या लेयरचं वेगळंच. त्यात मजकूरही असतो आणि त्या मजकुराचे रंगवलेले पिक्सेलही. आयात होतात ते पिक्सेल. त्यामुळे मराठी टायटलमधली जोडाक्षरं शाबूत येतात, पण ‘दिग्दर्शन’चा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असेल तर कॉम्पमध्ये तो दुरुस्त होत नाही, फाईल परत फोटोशॉपमध्ये जाते.

शेवटच्या सपाट प्रतीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. फाईल साठवताना फोटोशॉप ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ विचारतं. पेंटर फाईल लहान राहावी म्हणून नाही म्हणतो. मग ती सपाट प्रत साठवलीच जात नाही, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण चित्राच्या जागी पांढरा कागद आणि त्यावर अनेक भाषांत लिहिलेली सूचना दिसते. ही प्रत फक्त सोयीची नाही, तो आपला पुरावा आहे. पेंटरच्या पडद्यावर नेमकं काय होतं हे सांगणारी फाईलमधली एकमेव गोष्ट ती. लेयर जोडून झाल्यावर आपलं चित्र आणि ही प्रत यांचा डिफरन्स काढायचा, तो चाळीस-पन्नास पटीने वाढवून बघायचा. सगळं काळं राहिलं तर जुळलं. कुठे आकार उमटला तर तो आकारच सांगतो की कोणता लेयर बिघडला. चर्चा करण्यापेक्षा हे लवकर होतं.

या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं रंगाच्या प्रकरणाला दिली आहेत, आणि ती कमीच आहेत असं मला वाटतं. फोटोशॉप आठ किंवा सोळा बिटमध्ये मिश्रण करतं ते सहसा पडद्यासाठी वाकवलेल्या आकड्यांवर. कॉम्पमध्ये आपण प्रकाशाच्या सरळ प्रमाणातल्या, म्हणजे लिनिअर आकड्यांवर काम करतो, कारण दिव्याचा उजेड, फोकस सुटणं, हालचालीचा पुसटपणा हे सगळं तिथेच खरं वाटतं. काळ्यावर पांढरा लेयर ५० टक्के ठेवा. फोटोशॉपमध्ये उत्तर १२८ येतं. तेच लिनिअरमध्ये केलं आणि पुन्हा पडद्यासाठी वाकवलं तर उत्तर १८८ येतं. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण पेंटरने धुक्याची अपारदर्शकता १२८ बघून ठरवली होती, १८८ बघून नाही. म्हणून आयात केलेलं धुकं, धूर, दिव्यांचा झगमगाट नेहमी जास्त चढतो.

ओव्हरपेक्षा वाईट अवस्था ओव्हरलेची होते. पेंटरांची एक लाडकी पद्धत आहे: ५० टक्के करड्या रंगाने लेयर भरायचा, मोड ओव्हरले करायचा, आणि त्या करड्यावर उजेड-अंधार रंगवायचा. फोटोशॉपमध्ये कोरा करडा दिसेनासा होतो, कारण ओव्हरलेसाठी ०.५ म्हणजे ‘काही करू नको’. लिनिअरमध्ये आणल्यावर तोच करडा ०.५ राहत नाही, सुमारे ०.२१ होतो. मग जिथे पेंटरने हातही लावलेला नाही तिथेही चित्राच्या गडद आणि मध्यम छटांचा उजेड अर्ध्याहून खाली येतो. संध्याकाळचा शॉट मध्यरात्रीचा होतो. अशा वेळी नवखा कॉम्पोझिटर ग्रेड नोड लावून चित्र पुन्हा वर खेचतो. चित्र ‘साधारण जुळल्यासारखं’ होतं आणि चूक खाली गाडली जाते. पुढच्या आवृत्तीत पेंटर तो लेयर बदलतो तेव्हा ती वर येते.

मल्टिप्लायची तऱ्हा निराळी. सावलीचा लेयर पायथ्याशी रंगवलेला आहे, बाकी सगळीकडे रिकामा. प्रीमल्ट केल्यावर रिकामी जागा शून्य होते, आणि शून्याने गुणलं की काहीही शून्य. सुरुवातीला सांगितलेली काळी फ्रेम ती हीच. न्यूकच्या मर्जमध्ये यासाठी ‘अल्फा मास्किंग’ नावाची खूण आहे: वरच्या चित्राचा अल्फा जिथे शून्य तिथे खालचं चित्र जसंच्या तसं सोडलं जातं. ती नसेल तिथे सावली आधी पांढऱ्यावर ठेवून मग गुणायची. त्याच मर्जमध्ये ‘व्हिडिओ कलरस्पेस’ ही दुसरी खूण आहे, जी आकडे वाकवून मिश्रण करते आणि निकाल पुन्हा सरळ करून देते. करड्या ओव्हरलेवरचा इलाज हाच. या दोन खुणा बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या असतात, त्यांवर क्लिक केलेलं नसतं.

मग सगळंच वाकवलेल्या आकड्यांवर का करू नये, असा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. चांगला प्रश्न आहे. पेंटिंग स्थिर राहणार असेल, कॅमेरा हलणार नसेल आणि वर फक्त माणसं ठेवायची असतील, तर करा; कोणी अडवत नाही. पण कॅमेरा त्या चित्रात शिरणार असेल तर लेयर त्रिमितीतल्या कार्डांवर लावले जातात, त्यांना फोकस आणि हालचालीचा पुसटपणा मिळतो, आणि तिथे वाकवलेले आकडे उघडे पडतात: दिव्याचा ठिपका पसरताना फुलण्याऐवजी मळकट होतो. पुस्तिकेत सुचवलेला मार्ग मधला आहे आणि मला तो पटतो. एका अंतरावरचे जे लेयर आहेत, म्हणजे बुरूज, त्यावरचं शेवाळ, त्यावरची सावली, त्यांचं मिश्रण पेंटरच्या पद्धतीने करून घ्यायचं, त्याचं एक चित्र करायचं, मग ते लिनिअरमध्ये न्यायचं. अंतरं एकमेकांवर ठेवायची ती लिनिअर ओव्हरने. धूर आणि धुकं यांतून वगळायचं. ते कॉम्पमध्येच नव्याने बसवायचं, कारण ते दोन्हीकडे सारखं दिसणं अशक्य आहे. फोटोशॉपच्या रंगाच्या सेटिंगमध्ये गॅमा १.० ने, म्हणजे लिनिअर आकड्यांवर, मिश्रण करण्याची सोयही आहे. पेंटरला ती सुरू करायला सांगून बघा. काही जण ऐकतात.

यामागे एक मोठी गोष्ट दडली आहे, जी कुठल्याच मेनूत नाही. पेंटरचे लेयर त्याच्या हाताच्या क्रमाने साचतात. आधी डोंगर, मग त्यावर फोटोचा तुकडा, मग दुरुस्ती, मग दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून आणखी एक दुरुस्ती, ‘लेयर ४७ कॉपी २’. कॉम्पोझिटरला लेयर अंतराच्या क्रमाने हवे असतात: जवळचं झाड, मधला तट, दूरची रांग, आकाश. शिवाय झाडामागचा तटही रंगवलेला हवा, कारण कॅमेरा सरकला की तो दिसणार. हे दोन क्रम आपोआप जुळत नाहीत, आणि कोणतंही आयात करणारं सॉफ्टवेअर ते जुळवून देऊ शकत नाही. म्हणून ऐंशी लेयरची फाईल मागवून ती ‘सगळी हातात असावी’ असा हट्ट मला कधी कळला नाही. आठ-दहा गट, प्रत्येकाला स्वच्छ अल्फा, आणि मूळ फाईल जपून ठेवलेली. एवढं असलं की काम चालतं. ते गट अनेक भागांच्या ईएक्सआरमध्ये आले तर उत्तमच. ईएक्सआर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकनेच बनवून २००३ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, आणि त्यात सूचना भरायला जागा फारशी नाही, पिक्सेलच भरायचे, हाच त्याचा गुण.

जागेच्या हिशोबाला फार वेळ लागू नये. फोटोशॉप शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात धरतं, न्यूक खालच्या डाव्या कोपऱ्यात. कॅनव्हास ४००० बाय २००० असेल आणि लेयरचा वरचा आकडा ३००, खालचा ९०० असेल, तर न्यूकमध्ये तो ११०० ते १७०० मध्ये बसतो. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं. हाताने स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय होतं याचीही थोडी कल्पना इथेच देतो. न्यूकमध्ये एकाच रीडमध्ये सगळे लेयर चॅनेलच्या रूपाने येतात, आणि ‘ब्रेकआउट लेयर्स’ हे बटण दाबलं की ते शफलने वेगळे होऊन मर्जच्या माळेत ओवले जातात. फ्यूजनमध्ये पीएसडी आयातीची वेगळी आज्ञा आहे; ती प्रत्येक लेयरला एक लोडर आणि त्यांना जोडणारे मर्ज तयार करते. रिझॉल्व्हच्या आत बसलेल्या फ्यूजनमध्येही ती आहे, आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी हाच सर्वांत स्वस्त रस्ता आहे. ब्लेंडरच्या कॉम्पोझिटरला बहुस्तरीय ईएक्सआर कळतं, पीएसडीची मात्र सपाट प्रतच मिळते. आफ्टर इफेक्ट्सची गोष्ट इथे नको. ते स्वतः चळतीचं सॉफ्टवेअर आहे आणि फोटोशॉपचं सख्खं भावंड, त्यामुळे त्याच्यात फाईल ‘चांगली उघडते’ हा पुरावा नोडवाल्यांच्या कामाचा नाही.

न्यूकवाल्यांना एक इशारा. एका स्क्रिप्टमध्ये १०२३ चॅनेलच मावतात. एका लेयरला किमान चार चॅनेल लागतात, मास्क असला की पाच. ऐंशी लेयरची एक फाईल तीन-चारशे चॅनेल खाते, आणि पुढच्या आवृत्तीत पेंटरने लेयरची नावं बदलली तर जुन्या नावांत नव्या नावांची भर पडते. रीड नोड पुसला तरी नावं स्क्रिप्टमध्ये राहू शकतात. एक दिवस काहीच नवीन आयात होत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

नावांवरून शेवटचं, आणि हे आपल्याकडच्या मुलांसाठी खास. पीएसडीमध्ये लेयरचं नाव दोन ठिकाणी असतं. एक जुन्या पद्धतीचं, ज्यात देवनागरीला जागा नाही, आणि दुसरं युनिकोडमधलं, नंतर जोडलेल्या वेगळ्या नोंदीत. फोटोशॉप दुसरं दाखवतं, म्हणून ‘आकाश’, ‘तटबंदी’, ‘जवळचं झाड’ अशी नावं तिथे सुरेख दिसतात. आयात करणारं सॉफ्टवेअर पहिलं वाचत असेल, किंवा चॅनेलच्या नावात साध्या रोमन अक्षर-आकड्यांपलीकडे काही चालवून घेत नसेल, तर ही नावं प्रश्नचिन्हं किंवा नुसत्या आडव्या रेघा होऊन येतात, आणि दोन वेगळे लेयर एकाच रेघांच्या नावाखाली एकमेकांवर चढतात. म्हणून पुस्तिकेसोबतच्या सरावाच्या फाइलींत लेयरची नावं रोमन लिपीत, जागा न सोडता, अंतराच्या आकड्याने सुरुवात करून दिली आहेत: दहा म्हणजे सर्वांत जवळचं झाड, नव्वद म्हणजे आकाश. मध्ये कोणी नवा बुरूज आणला तर त्याला पंचेचाळीस द्यावा.